स्टॅन्ली कॅव्हेल: तत्त्वज्ञानाच्या वर्गात सिनेमा लावणारा प्राध्यापक

आडवाट (धागाकर्ता)

एम. ए.ला तत्त्वज्ञान होतं तेव्हा 'अन्य मनांचा प्रश्न' पेपरात हमखास यायचा. समोरच्याला दुखतंय हे मला नक्की कसं कळतं? त्याचं दुखणं तर मला होत नाही. आम्ही दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पाठ केले, लिहिले, मार्क मिळवले. पुढे नोकरी लागली आणि विषय सुटला. दोन वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले. रात्री ते कण्हायचे आणि मी उशाशी बसलेला असायचो. त्यांना दुखतंय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण तेवढं माहीत असून भागत नव्हतं, आणि भागत नाहीये हे त्यांनाही कळत होतं.

त्याच दिवसांत अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांचा 'नोइंग अँड अ‍ॅकनॉलेजिंग' हा निबंध वाचला. 1969 सालच्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात तो आहे. कॅव्हेल म्हणतात, संशयवाद्याला (दुसऱ्याच्या मनातलं खात्रीनं कळतच नाही म्हणणाऱ्याला) माहिती अपुरी पडते असं वाटतं, पण अडचण माहितीची नाहीच. 'दुखतंय' म्हणणारा माणूस माझ्याकडे काहीतरी मागत असतो. मी उठून जवळ गेलो तर ते उत्तर असतं, तोंड फिरवलं तर तेही उत्तरच असतं. कोरं राहायची सोय नसते. त्यांच्या 'अ‍ॅकनॉलेज'ला मी मनात 'दखल घेणं' म्हणतो. याहून चांगला शब्द कुणाला सुचला तर जरूर सांगा, मी खरंच शोधात आहे.

आता माणसाबद्दल. 1926 साली अटलांटात ज्यू कुटुंबात जन्म. मूळ आडनाव गोल्डस्टीन. 'कॅव्हेल' हे त्यांनी सोळाव्या वर्षी स्वतः घेतलं. वडिलांचं गहाणवटीचं दुकान होतं. आई पियानो वाजवायची, मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्याखाली बसूनही वाजवलेलं. लहानपणी मोटारीची धडक बसून त्यांचा एक कान कायमचा अधू झाला आणि त्यामुळे पुढे युद्धात भरती झाली नाही. बर्कलीतून संगीताची पदवी घेतली, संगीतरचनाकार व्हायला न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेले आणि तिथे वर्ग सोडून सिनेमे, नाटकं बघत नि फ्रॉइड वाचत बसले. मग तत्त्वज्ञान. 1955 साली ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन हार्वर्डला व्याख्यानं द्यायला आले. साध्या बोलण्यातले शब्द ते ज्या बारकाईनं तपासत होते ते पाहून कॅव्हेलांनी आपल्या प्रबंधाचा बेतच मोडला. नवा प्रबंध 1961 साली झाला आणि त्याच्यावर काम करत करत 1979 साली 'द क्लेम ऑफ रीझन' हे मोठं पुस्तक आलं. 1963 पासून 1997 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते हार्वर्डला होते. 2018 च्या जूनमध्ये गेले.

हार्वर्डला आल्या आल्या, 1963 मध्येच, त्यांनी सौंदर्यशास्त्राच्या सेमिनारला विषय घेतला तो सिनेमाचा. कारण त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. सिनेमे सगळ्यांनी पाहिलेले असतात, आवडलेले असतात, पण त्यांच्यावर प्रमाण मानावी अशी समीक्षा तेव्हा नव्हती. त्यामुळे विद्यार्थ्याला आडोशाला उभं राहता येत नाही. आपल्याला काय दिसलं तेच सांगावं लागतं. त्यातून 1971 साली 'द वर्ल्ड व्ह्यूड' हे पुस्तक निघालं. तेव्हा कॅसेट नव्हत्या. सगळं आठवणीतून लिहिलेलं, आणि प्रस्तावनेत ते स्पष्ट म्हणतात की काही ठिकाणी आठवण चुकली असणार. पण ती का आणि कशी चुकली यातही त्यांना तेवढाच रस आहे. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

विद्यापीठात मी सिनेमाचं नाव काढलं होतं तेव्हा 'ते कँटीनमध्ये बोलायचं' असं ऐकून घ्यावं लागलं होतं. त्या वयात ते पटलं होतं. आज अजिबात पटत नाही.

मंद्रसप्तक

आडवाट, वडिलांबद्दल वाचून थांबले. काळजी घ्या.

मी गाणं शिकवते म्हणून त्यांच्या आयुष्याचा संगीताचा भाग आधीपासून थोडा माहीत होता. शाळेच्या वयात सॅक्रामेंटोतल्या एका कृष्णवर्णीय जॅझ बँडमध्ये ते ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचे, सगळ्यांत लहान तेच. त्यांच्या आईला स्वरज्ञान उपजत होतं. नुसता स्वर कानावर पडला की तो कुठला ते ती सांगायची. मुलाला ते नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना जन्मभर लागून राहिली. 1994 सालच्या आत्मकथनपर पुस्तकाचं नाव त्यांनी 'अ पिच ऑफ फिलॉसॉफी' ठेवलं. पिच म्हणजे आपला सूर.

माझ्याकडे दरवर्षी एखादी तरी मुलगी अशी येते की जिचा कान उत्तम असतो, तालीम चोख असते, पण गाणं हे तिचं बोलणं नसतं. तिला ते कळायला वेळ लागतो आणि घरच्यांना सांगायला त्याहून जास्त. कॅव्हेलांनी बर्कलीत असताना 'किंग लिअर'च्या प्रयोगाला संगीत दिलं होतं. तालमी चालू असताना त्यांच्या ध्यानात आलं की आपलं लक्ष आपल्या संगीतापेक्षा नाटकातल्या शब्दांवर जास्त आहे. पुढे वीसेक वर्षांनी लिअरवरचा त्यांचा तो मोठा निबंध आला. संगीत सुटलं म्हणून मी हळहळत नाही. ऐकायची सवय गेली नाही, ऐकण्याचा विषय बदलला. संवाद वाचताना ते शब्दाच्या अर्थाआधी त्याची फेक ऐकतात, हे त्यांचं कुठलंही पान काढून बघा.

त्रिज्या

धागा आवडला, पण एक शंका मनापासून मांडते. मी गणिताची आहे. 'द वर्ल्ड व्ह्यूड'ची पन्नासेक पानं नेटानं वाचली. वाक्यं सुंदर आहेत, पण सिद्ध काय झालं? हा माणूस आपल्याला आवडलेल्या सिनेमांबद्दल लिहितो आणि मधेच जर्मन तत्त्वज्ञ कांट आणतो. मला आवडलेल्या सिनेमावर मी लिहिलं तर त्याला कुणी तत्त्वज्ञान म्हणणार नाही. मग त्यांनी लिहिलेलं तत्त्वज्ञान कसं?

आडवाट (धागाकर्ता)

त्रिज्याताई, शंका रास्त आहे, आणि ती त्यांच्या हयातीतही घेतली गेली. सरळ उदाहरणच देतो.

'इट हॅपन्ड वन नाईट', 1934. 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' ज्याच्यावरून आले तो. बापाच्या बोटीवरून पळालेली श्रीमंत मुलगी एली आणि नोकरी गेलेला बातमीदार पीटर. पावसात बस अडकते, पैसे संपत आलेले, म्हणून नवरा-बायको म्हणून एका खोलीत राहावं लागतं. पीटर दोन खाटांच्या मधे दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो. बायबलमधल्या गोष्टीवरून 'जेरिकोची भिंत' म्हणतो तिला. दिवा मालवला जातो. पलीकडे ती कपडे बदलते, तिचा कोपर लागून ब्लँकेट हलतं. पीटरला दिसतं ते एवढंच, आणि आपल्यालाही.

कॅव्हेल या ब्लँकेटपाशी थांबतात. ते म्हणतात, हा सिनेमाचा पडदाच आहे. जे पलीकडे आहे ते झाकतो, आणि झाकल्यामुळेच पलीकडे कुणीतरी आहे याची जाणीव करून देतो. इथे कांट येतो. कांट म्हणतो, वस्तू मुळात कशी आहे ते आपल्याला कळू शकत नाही, आपल्या जाणण्याला कुंपण आहे. कॅव्हेल विचारतात, हे कुंपण घातलं कुणी? दोरी तर पीटरनंच बांधली होती.

पुढचा प्रसंग आठवा. दुसऱ्या मुक्कामी पीटर अंधारात आपल्या स्वप्नातल्या बाईबद्दल बोलतो: कुठल्यातरी बेटावर, समुद्राकाठी, त्याच्यासारखीच जगणारी. हे ऐकून एली ब्लँकेटला वळसा घालून त्याच्याकडे येते, मला घेऊन चल म्हणते. आणि तो तिला परत पाठवतो! जिची वाट पाहत होता तीच समोर उभी आहे, पण स्वप्नातली बाई आणि ही हाडामांसाची मुलगी एकच आहेत हे त्याला जुळवताच येत नाही. मन वळतं तेव्हा ती रडून पाठ फिरवून झोपलेली असते. माहिती कुठे कमी होती हो त्याला? तिनं तोंडानं सांगितलं होतं. कमी पडली ती दखल.

सिद्धता मागाल तर नाही. ते तुम्हाला म्हणतात: मला हे दिसलं, तुम्ही परत बघा आणि तुम्हाला दिसतं का सांगा. माझ्या मते हा युक्तिवादच आहे, फक्त त्यात साक्षीला तुम्हाला स्वतःला उभं राहावं लागतं.

त्रिज्या

दिसलं. सिनेमा पूर्वी पाहिला होता, तो प्रसंग मी 'गैरसमज' म्हणून सोडून दिला होता. मुळापर्यंत पटलेलं नाही, पण उरलेली पानं वाचते.

कुंचला

थोडं बाजूला जाऊन. कॅव्हेलांच्या पिढीतले दुसरे असेच प्राध्यापक म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे आर्थर डान्टो. स्वतः लाकडी ठसे कोरून छापणारे चित्रकार. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत त्यांनी अँडी वॉरहॉलची ब्रिलो साबणाची खोकी पाहिली आणि प्रश्न पडला की दुकानातल्या खोक्यासारखंच दिसणारं हे खोकं कला कशामुळे? त्यावर त्याच वर्षी 'द आर्टवर्ल्ड' हा लेख लिहिला. मूळ खोक्याचं डिझाइन करणारे जेम्स हार्वी स्वतः अमूर्त चित्रं काढायचे, ही गोष्ट मला फार चटका लावते. दुकानातल्या खोक्यांचा बाप चित्रकारच होता, आणि गॅलरीत नाव दुसऱ्याचं लागलं.

डान्टोंचा प्रश्न 'हे कला का?' असा आहे. कॅव्हेल तो विचारत बसत नाहीत. त्यांना याचं माझ्याशी काय नातं आहे ते हवं असतं. चित्रकार म्हणून मला डान्टो उपयोगी पडतात, माणूस म्हणून कॅव्हेल. एक गोष्ट मात्र दृश्यकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं कॅव्हेलांकडून घ्यावी. फोटोच्या चौकटीबाहेर काय होतं असं विचारता येतं, कारण तिथे जग होतंच, कॅमेऱ्यानं ते कापलं. चित्राच्या चौकटीबाहेर काय होतं हा प्रश्नच लागू पडत नाही. चित्र म्हणजे आख्खं जग, फोटो म्हणजे जगाचा तुकडा. इतकी साधी गोष्ट, आणि मला कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

रातराणी

'गॅसलाइट'वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

आज 'गॅसलायटिंग' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. 1944 च्या सिनेमात (हाच विषय आधी नाटकात येऊन गेला होता) पॉलाचा नवरा रात्री बाहेर जातो म्हणून निघतो आणि गुपचूप त्याच घराच्या माळ्यावर चढून दागिने शोधत असतो. वर दिवा लावला की खालच्या खोलीतल्या गॅसबत्तीची ज्योत बारीक होते. पॉलाला ती बारीक होताना दिसते, वरून पावलं ऐकू येतात. नवरा सांगतो, तुला भास होतात. वस्तू लपवून तो 'तूच हरवलीस' म्हणतो. हळूहळू तिचं बोलणं आटतं.

कॅव्हेलांनी 1996 सालच्या 'कॉन्टेस्टिंग टिअर्स'मध्ये यावर लिहिलंय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शेकोटीशी बसून स्वतःच्या संवेदनांवर शंका घेतो, ती स्वखुशीनं. संध्याकाळी उठून जेवायला जातो. पॉलावर तीच शंका दुसऱ्यानं लादलेली आहे आणि तिला उठून जायला जागा नाही. ज्या दिवशी एक परका माणूस येऊन म्हणतो, 'हो, ज्योत खरंच बारीक झाली', त्या दिवशी तिचा आवाज परत येतो. आणि शेवटी नवरा खुर्चीला बांधलेला, तो तिला दोर कापायला सुरी आण म्हणतो. ती सुरी घेऊन समोर उभी राहते आणि सांगते, मी तर वेडी आहे ना, वेडीला कसं जमेल? कॅव्हेल या बोलण्याला ऑपेरातली तिची आरिया, म्हणजे एकटीनं गायचं गाणं, मानतात. देकार्तचं 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' ते तिथे बाईच्या तोंडून ऐकतात.

आमच्या नात्यात एका काकूंना वीस वर्षं हेच ऐकवलं गेलं. 'तुझ्या डोक्यात काहीतरी आहे.' घरातल्या आम्ही सगळ्या बायकांना दिसत होतं. कुणी 'हो, ज्योत बारीक झाली' असं म्हटलं नाही. आडवाट, तुम्ही शब्द विचारलात. 'दखल' मला थोडा कचेरीतला वाटतो, तक्रारीची घेतात तशी. मला 'दाद' जवळचा वाटतो. दाद देणं, दाद लागणं, दाद मागणं. गाण्यालाही दाद, अन्यायालाही दाद. काकूंना दाद मिळाली नाही.

मंद्रसप्तक

रातराणी, 'दाद'. अगदी. मैफलीत बसलेल्याला जागा कळली एवढ्यानं गाणाऱ्याचं भागत नाही, त्याची मान हलायला लागते.

तिसरी घंटा

रातराणीताईंच्या प्रतिसादाला जोडून. कॅव्हेलांच्या या सगळ्या बायकांची आजी म्हणजे नाटककार इब्सेनची नोरा. अनंत काणेकरांनी 'डॉल्स हाऊस' 'घरकुल' नावानं मराठीत आणलं, आमच्या हौशी संस्थेनं ते केलं होतं. नोरा घर सोडून जाताना नवऱ्याला, हेल्मरला, सांगते की आपलं एवढ्या वर्षांचं लग्न हे लग्न नव्हतंच, कारण आपण कधी बसून गंभीरपणे बोललोच नाही. कॅव्हेल तिथून दोन वाटा काढतात. काही बायका दार लावून निघून जातात, त्या 'कॉन्टेस्टिंग टिअर्स'मध्ये. काही जोडप्यांना परत बोलायला जमतं, ती 1981 च्या 'पर्सूट्स ऑफ हॅपीनेस'मध्ये. त्यात 1934 ते 1949 मधले सात विनोदी सिनेमे आहेत आणि त्यांना त्यांनी 'पुनर्विवाहाच्या कॉमेडी' असं नाव दिलं. पोरापोरींनी जमवायचं नाही, मोडलेलं किंवा मोडायला आलेलं परत जोडायचं. इंग्रज कवी मिल्टननं घटस्फोटाच्या बाजूनं लिहिताना सांगितलं होतं की लग्नाचा मुख्य हेतू म्हणजे जिवाभावाचं बोलणं. कॅव्हेल ते शब्दशः घेतात. या सिनेमांतली जोडपी अखंड भांडतात, आणि भांडण हेच त्यांचं एकमेकांशी बोलणं असतं.

एक तक्रार आहे, आणि ती मी सोडणार नाही. ही सगळी खात्यापित्या घरची गोरी मंडळी. भांडायला फुरसत आहे, राहायला मोठं घर आहे. शिवाय बाईला शिकवणारा दर वेळी पुरुषच. याबद्दल स्त्रीवादी अभ्यासकांनी कॅव्हेलांना धारेवर धरलंय. कॅव्हेलांना यातला दुसरा मुद्दा दिसत होता, त्यांनी तो मांडलाही. पण उत्तर पुरतं दिलंय असं मला वाटत नाही.

चार्ल्सकाठ

बॉस्टनकडून. तिसरी घंटा, तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. त्याला जोडून त्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी नोंदवतो. 1964 च्या उन्हाळ्यात, मिसिसिपीत मतदारनोंदणी करणाऱ्या तरुणांचे मुडदे पडत होते तेव्हा, ते तिथल्या टूगालू कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवायला गेले होते. आणि 1969 मध्ये विद्यार्थी आंदोलनानं हार्वर्ड पेटलं असताना त्यांनी व त्यांचे सहकारी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर बसून आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचा विभाग सुरू करण्याच्या ठरावाचा मसुदा तयार केला. त्याच वर्षी लिअरवरचा निबंध पुस्तकात आला. प्रेम टाळणाऱ्या बापावरचा निबंध आणि हा मसुदा एकाच टेबलावर लिहिले गेले असतील, असं माझ्या मनात येतं.

हार्वर्ड फिल्म आर्काइव्ह 1979 साली उभं राहिलं, त्यात कॅव्हेलांचा मोठा वाटा. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्पेंटर सेंटरमध्ये ते आहे. खालच्या मजल्यावर थिएटर. तिथे मी थंडीत ओले बूट घेऊन कितीतरी जुने सिनेमे पाहिलेत. पुण्यातलं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय 1964 चं, म्हणजे या बाबतीत आपण पंधरा वर्षं पुढे होतो. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे लॉ कॉलेज रोडच्या त्या अंधाराची आठवण इथेही येते.

त्यांचा नीतिशास्त्राचा वर्ग कसा चालायचा ते 'सिटीज ऑफ वर्ड्स' (2004) मध्ये जसंच्या तसं आहे. एक प्रकरण ग्रंथाचं, पुढचं सिनेमाचं. तत्त्वज्ञ लॉकला जोडून नवरा-बायको वकिलांचा 'अ‍ॅडम्स रिब', तत्त्वज्ञ मिलला जोडून 'गॅसलाइट', रॉल्सना जोडून 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन'. सिनेमा तिथे ग्रंथाचं उदाहरण म्हणून येत नाही, त्याच्यासमोर बरोबरीनं बसतो. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक त्यांचेच विद्यार्थी, हे सिनेमावाल्यांना माहीत असेलच.

ओवी

इथे कुणी सांगितलं नाही म्हणून आनंदानं सांगते. कॅव्हेलांनी 1972 साली अमेरिकन लेखक थोरोच्या 'वॉल्डन' (तळ्याकाठी एकटं राहण्यावरचं पुस्तक) वर छोटं पुस्तक लिहिलं, 'द सेन्सेस ऑफ वॉल्डन'. त्यात ते म्हणतात, 'वॉल्डन'मध्ये गीता फक्त नावानं येत नाही, रचनेतही आहे. दोन्हींचे भाग अठरा. दोन्हींची सुरुवात हताश होण्यानं. थोरो तळ्याकाठी सकाळी गीता वाचायचा हे आपण ऐकून असतो, पण हार्वर्डचा प्राध्यापक अध्याय मोजतो आणि विषादयोगापाशी थबकतो, हे वाचताना मला आमच्या घरच्या ज्ञानेश्वरीची पोथी आठवली. अर्जुनालाही माहिती कमी नव्हती. समोर कोण उभं आहे ते त्याला नको इतकं ठाऊक होतं.

आडवाट (धागाकर्ता)

ओवी, हे मला माहीत नव्हतं. पुस्तक मागवलं. आणि रातराणी, 'दाद' घेतला. वडिलांच्या बाबतीत मात्र मला 'दखल'ही पुरत नाही आणि 'दाद'ही. त्यांना मी शेवटी शेवटी नुसतं 'ओ' द्यायचो. हाक मारली की ओ. कदाचित तोच शब्द असेल.

तिसरी घंटा

चार दिवसांनी परत आलोय. रविवारी आईला 'इट हॅपन्ड वन नाईट' दाखवला. वय अठ्ठ्याहत्तर, इंग्रजी फारसं कळत नाही, मी थांबवून सांगत होतो. उपाशी असतानाही एली कच्चं गाजर नको म्हणते आणि नंतर गुपचूप खाते, तिथे आई हसली. कॅव्हेल या गाजरावर आख्खा परिच्छेद लिहितात, तो वाचून दाखवला. म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, सासरी पहिल्यांदा शिळी भाकरी खाल्ली की घर आपलं होतं.

मग म्हणाली, हा 'चोरी चोरी' आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बाबांबरोबर मॅटिनीला पाहिलेला. 'त्यात ते दोघं एका छत्रीत असतात ना, प्यार हुआ इकरार हुआ.' मी म्हटलं, आई, ते 'श्री 420' मधलं. राज-नर्गिस दोन्हीकडे आहेत, म्हणून गल्लत होतेय. मोबाईलवर गाणं काढून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

'नाही रे. त्या दिवशी छत्री एकच होती. माझी काठ फाटलेली, काळी. ह्यांचा उजवा खांदा घरी येईपर्यंत चिंब.'